गारव्याचा खर्च

कांहीं प्रश्न असे असतात कीं, विचारणारा ते विचारून आपल्या कामाला लागतो, आणि ज्याला ते विचारले तो मात्र वर्षानुवर्षें त्यांचें उत्तर शोधीत राहतो. आमच्या काकांनीं आम्हांस असे दोन प्रश्न विचारले. पहिला १९८७ च्या हिवाळ्यांत, शेताच्या बांधावर. दुसरा त्यानंतर चोवीस वर्षांनीं, अकोल्यास एका रुग्णालयाच्या बाकावर. काका चौथीपर्यंतच शिकलेले. आम्हीं पदार्थविज्ञान शिकून पुढें तेंच शिकविण्यांत आयुष्य घालविलें. असें असूनहि त्या दोन प्रश्नांपुढें आमची विद्या कशी उणी पडली, आणि उत्तर शोधतां शोधतां आम्हांस काय गवसलें, तें आज वाचकांपुढें मांडावें असें वाटतें.

आमचें गांव वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत, पैनगंगेच्या अंगास आहे. १९८७ सालीं हा जिल्हा अस्तित्वांत नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा निघाला. काळी जमीन, विहिरीचें पाणी, आणि खरिपाचें पीक घरांत आलें कीं रब्बीचा हरभरा नि गहूं, हा गांवाचा वर्षाचा क्रम. ओढ्यापलीकडे दोन खांबांच्या मध्यें एक रोहित्र चढविलेलें होतें. रोहित्र हा शब्द पुस्तकांतला आणि वर्तमानपत्रांतला. गांवांत त्याला 'डी. पी.' म्हणतात, आणि घरांतल्या एखाद्या दुखणाईत माणसाविषयीं बोलावें तसें तिच्याविषयीं बोलतात. आज डी. पी. तापली, आज डी. पी. फार गुणगुणते, आणि शेवटीं एके दिवशीं, डी. पी. गेली.

त्या हिवाळ्यांत ती गेली. गहूं कांडीवर आला होता, हरभरा घाटे धरूं लागला होता, आणि पाण्याची खरी गरज त्याच पंधरवड्यांत होती. सोळा दिवस विहिरीला पाणी असून शेतास पाणी नव्हतें. काका रोज सकाळीं बांधावर जाऊन माती मुठींत घेऊन पाहत आणि कांहीं न बोलतां परत येत. दोष कोणाचा, ही चर्चा पारावर पुष्कळ झाली. परंतु खरी गोष्ट सर्वांसच ठाऊक होती. जितक्या मोटारी त्या रोहित्रावर मंजूर होत्या त्यांहून कितीतरी अधिक जोडलेल्या होत्या, आणि ज्या मंजूर होत्या त्याहि कागदावरच्या मापाच्या नव्हत्या. आमची स्वतःची मोटार कागदावर तीन अश्वशक्तीची होती. विहिरींत उतरलेली पांच अश्वशक्तीची होती.

आम्ही त्या वेळीं नागपुरास शिकत होतों आणि नाताळच्या सुटींत घरीं आलों होतों. डी. पी. कां जळते, हें आम्हांस पुस्तकावरून उत्तम ठाऊक होतें. रोहित्राच्या पोटांत लोखंडाच्या पत्र्यांच्या गाभ्याभोंवतीं तारांचीं दोन वेटोळीं असतात. एकांत ११,००० व्होल्टची वीज येते, दुसऱ्यांतून ४३३ व्होल्टची बाहेर पडते. तार तांब्याची असो कीं ॲल्युमिनियमची, ती विजेला थोडी तरी अडविते, आणि त्या अडवणुकीची उष्णता होते. प्रवाह दुप्पट झाला कीं ही उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. तेल तापतें, तारेवरचा कागद करपतो, आणि एका रात्रीं दोन वेढे एकमेकांस भिडले कीं सर्व आटोपतें.

परंतु आमच्या डोक्यांत त्या दिवसांत निराळेंच वारें होतें. हॉलंडमधील लायडन येथें कामर्लिंग ओन्नेस यांनीं १९११ सालीं पारा शून्याखालीं २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हां त्यांतील विजेची अडवणूक एकाएकीं नाहींशी झाली. अशा पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात. पाऊणशें वर्षें हा चमत्कार अत्यंत महाग अशा द्रवरूप हीलियमच्या थंडीपुरता राहिला. १९८६ सालीं झुरिकजवळ बेडनॉर्ट्झ व म्यूलर या दोघांस एका मृत्तिकासदृश पदार्थांत तो पुष्कळ कमी थंडींत आढळला, आणि १९८७ च्या आरंभीं अमेरिकेंत असा पदार्थ सांपडला कीं, त्यास शून्याखालीं १८० अंश एवढीच थंडी पुरे. आतां हीलियम नको. हवेंतूनच काढलेला, १९६ अंश थंडीचा द्रवरूप नत्रवायु चालेल! त्याच वर्षीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या महाविद्यालयांत दुसरा विषय नव्हता.

तेंच आम्हीं काकांस बांधावर उभें राहून सांगितलें. म्हटलें, "काका, दहा वर्षें थांबा. डी. पी.तल्या तारा अशा होतील कीं तापणार म्हणून नाहींत. तोटा शून्य."

काकांनीं शांतपणें ऐकून घेतलें. हा नत्रवायु त्यांच्या ओळखीचा होता. जनावरांच्या दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या मात्रा ज्या भांड्यांत ठेवतात, त्यांत तोच असतो. झांकण काढलें कीं पांढरी वाफ बाहेर सांडते. एकदां काका गाय घेऊन कित्येक कोस चालत एका दवाखान्यांत गेले असतां, वायु वेळेवर न आल्यामुळें भांडें कोरडें पडलें होतें व आंतील सर्व मात्रा वायां गेल्या होत्या. तो हेलपाटा ते विसरले नव्हते. ते म्हणाले, "बाबू, मंग थे इतकं गार ठेवाले ईज लागत नाही काय?"

आम्हीं उत्तर दिलें, "लागते, पण थोडी." हें उत्तर आम्हीं हिशेब न करतां दिलें होतें.

हिशेब पुढें केला, आणि तो असा आहे. थंड जागेंतली उष्णता उपसून बाहेरच्या उष्ण हवेंत टाकणें हें विहिरींतून पाणी उपसण्यासारखें आहे. विहीर जितकी खोल तितके श्रम अधिक. हीलियमच्या थंडींतून एक वॉट उष्णता बाहेर काढावयास अगदीं निर्दोष यंत्रालाहि सुमारें सत्तर वॉट लागतात. नत्रवायूच्या थंडींतून काढावयास निर्दोष यंत्रास सुमारें तीनच. एवढ्यावरून आम्हां विद्यार्थ्यांस आनंद झाला होता. परंतु निर्दोष यंत्र कोणाच्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. प्रत्यक्षांतल्या यंत्रांस त्या एका वॉटसाठीं दहा ते वीस वॉट खावे लागतात. म्हणजे थंडींत झालेला एक रुपयाचा तोटा घरांत येईपर्यंत दहा-वीस रुपयांचा होतो. काकांनीं नेमक्या याच जागीं बोट ठेविलें होतें.

तरीहि आमचें समाधान असें कीं, थंडींत तोटा मुळीं झालाच नाहीं तर दहा पट काय नि वीस पट काय, शून्यच. अडवणूक शून्य, म्हणून तोटा शून्य. या समाधानावर आम्हीं पुष्कळ वर्षें काढलीं.

दुसरा प्रश्न २०११ सालचा. काकांच्या कमरेचें दुखणें बळावलें आणि त्यांस एम. आर. आय. साठीं अकोल्यास न्यावें लागलें. त्या बोगद्यासारख्या यंत्रांतून बाहेर आल्यावर ते बाकावर बसले, आणि आम्हीं त्यांचें मन रमावें म्हणून सांगितलें कीं, १९८७ सालीं आपण ज्याविषयीं बोललों होतों त्या अतिसंवाहक तारेच्याच वेटोळ्यांत तुम्ही आतां निजला होतां. त्या वेटोळ्यांत एकदां प्रवाह सोडला कीं वर्षानुवर्षें तो फिरत राहतो. बाहेरून वीज घालावी लागत नाहीं. काकांनीं मान हलविली. मग म्हणाले, "मंग हेच डी. पी.त काहून नाही घातलं?"

चोवीस वर्षांपूर्वींचें वचन ते विसरले नव्हते. त्यांनीं तें बोलून दाखविलें नाहीं, एवढाच त्यांचा मोठेपणा. आम्हीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर मात्र आम्ही या विषयाच्या मागें लागलों.

उत्तर प्रवाहाच्या जातींत आहे. एम. आर. आय. च्या वेटोळ्यांतला प्रवाह एकाच दिशेनें, संथपणें वाहतो. आपल्या घराशेताची वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करते, म्हणजे शंभर वेळां दिशा पालटते. प्रवाह असला कीं त्याचें चुंबकीय क्षेत्र आलें, आणि हें क्षेत्र अतिसंवाहकांत कडांकडून बारीक बारीक धाग्यांच्या रूपानें शिरतें व आंतल्या दोषस्थानांत रुतून बसतें. हें रुतणें आवश्यकच असतें. धागे मोकळे सरकूं लागले तर मोठा प्रवाह वाहून नेण्याची पदार्थाची शक्तीच जाईल. परंतु दिशा पालटली कीं रुतलेले धागे ओढून काढावे लागतात आणि उलट दिशेचे आंत ढकलावे लागतात. पावसाळ्यांत आमच्याकडील काळ्या चिखलांत गाडीचें चाक रुतलें म्हणजे बैलांस किती कष्ट पडतात, हें वऱ्हाडांतल्या माणसास सांगावयास नको. तें चाक सेकंदास शंभर वेळां पुढें-मागें ओढावयाचें, अशी ही गोष्ट आहे. या कष्टांची उष्णता होते, आणि ती नेमकी थंडीच्या पोटांत होते. अमेरिकेंतील बीन या शास्त्रज्ञानें १९६२ सालींच याचें गणित मांडून ठेविलें होतें. तेव्हां अडवणूक शून्य म्हणून तोटा शून्य, हें आमचें वाक्य एकदिश प्रवाहापुरतें खरें, डी. पी. च्या बाबतींत तें खोटें होतें.

हा तोटा कमी कसा करावा, याच्या मागें जगांतील कित्येक प्रयोगशाळा लागलेल्या आहेत, आणि त्यांच्या युक्त्या पाहिल्या म्हणजे मन थक्क होतें. नवी अतिसंवाहक तार ही वस्तुतः तार नसून फीत आहे. चार ते बारा मिलिमीटर रुंद, मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढी जाड. आणि त्यांतहि खरा अतिसंवाहक थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. चुंबकीय क्षेत्र फितीच्या पातीला समांतर गेलें तर तोटा थोडा. रुंद बाजूवर आडवें येऊन आदळलें तर तो अनेक पटींनीं वाढतो. वेटोळ्याच्या मधल्या भागांत क्षेत्र निमूटपणें समांतर चालतें, परंतु पुलाखालून बाहेर पडतांच ओढ्याचें पाणी पसरावें तसें तें वेटोळ्याच्या टोकांशीं फांकतें आणि शेवटच्या वेढ्यांवर आडवें येतें. म्हणून तोट्याचा मोठा वांटा टोकांच्या थोड्याशा वेढ्यांतच सांपडतो. तेथें चुंबकीय पदार्थाचीं कडीं बसवून क्षेत्रास वळण लावणें, ही एक युक्ति.

दुसरी युक्ति फीत अरुंद करण्याची. फीत जितकी अरुंद तितका आडव्या क्षेत्राचा त्रास कमी. परंतु फितीचे पट्टे कापून नुसते शेजारीं शेजारीं ठेवून उपयोग होत नाहीं. दोन्ही टोकें एकत्र जोडलेलीं असल्यामुळें दोन पट्ट्यांचें मिळून पुनः एक मोठें वेटोळें बनतें, आणि मूळ रुंदीच परत येते. यावर तोडगा शंभर वर्षांपूर्वींचाच निघाला. लुडविग रोबेल या जर्मन अभियंत्यानें १९१२ सालीं, मोठ्या विद्युत्‌जनित्रांतील तांब्याच्या पट्ट्या वेणीसारख्या एकमेकींत अशा गुंफल्या कीं, प्रत्येक पट्टी आळीपाळीनें प्रत्येक जागीं येते व कोणा एकीवर अन्याय होत नाहीं. ठिसूळ फितीला वेणीसारखें वांकवितां येत नाहीं. म्हणून फितींतून नागमोडी आकाराचे पट्टे कापून ते एकमेकांत अडकवितात. तांब्यासाठीं योजलेली जुनी वेणी अशी नव्या पदार्थाच्या कामीं आली.

भांड्याचीहि एक अडचण आहे. दवाखान्यांतलें भांडें धातूचें चालतें. परंतु रोहित्राच्या गाभ्याभोंवतीं धातूचें भांडें ठेवलें तर तेंच एक बंद वेढा होऊन तापूं लागेल. म्हणून येथें तंतुमिश्रित प्लॅस्टिकचें, कड्याच्या आकाराचें दुहेरी भिंतीचें भांडें करतात. वेटोळीं त्याच्या पोटांत थंडींत बसतात आणि लोखंडी गाभा मधल्या पोकळींत, बाहेरच्या हवेंत राहतो. गाभ्यांतला स्वतःचा तोटा मात्र कायमच राहतो. त्यावर अतिसंवाहक तारेचा कांहीं इलाज नाहीं. शिवाय बाहेरून आंत प्रवाह नेणाऱ्या तांब्याच्या जाड दांड्या प्रवाहाबरोबर उष्णताहि आंत घेऊन जातात.

असें असूनहि यंत्रें झालीं. १९९७ सालीं जिनीव्हा शहराच्या जाळ्यांत ६३० के. व्ही. ए. चें अतिसंवाहक रोहित्र जोडण्यांत आलें. पुढें न्यूझीलंडमधील संशोधकांनीं १,००० के. व्ही. ए. चें, ११,००० व्होल्टचे ४१५ करणारें रोहित्र बनविलें. त्याच्या कमी दाबाच्या वेटोळ्यांत रोबेलची ती वेणी होती. हे आंकडे वाचतांना आमच्या अंगावर क्षणभर कांटा आला. ११,००० चे ४१५, म्हणजे जवळजवळ आमच्या ओढ्यापलीकडच्या डी. पी. चेंच काम! काकांस दिलेलें वचन जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी अर्धेंमुर्धें पाळलें होतें.

तेव्हां आम्ही कागद घेऊन बसलों आणि १९८७ सालीं जो हिशेब करावयास पाहिजे होता तो केला. आमच्याकडील १०० के. व्ही. ए. च्या डी. पी. चा पूर्ण भारावरचा एकंदर तोटा दीड ते दोन किलोवॉटच्या घरांत असतो. समजा, तिच्या जागीं अतिसंवाहक रोहित्र आणलें, आणि भांड्यांतून झिरपणारी उष्णता, दांड्यांतून येणारी उष्णता व वेटोळ्यांतला तोटा हीं सर्व मिळून थंडींत अवघे शंभर वॉट झाले. शंभर वॉट म्हणजे जुन्या काळचा एक दिवा. दहा ते वीस पटीनें त्यांचे बाहेर एक ते दोन किलोवॉट होतात. म्हणजे जितकें वांचलें तितकें गेलें! त्यांतहि आमच्या डी. पी. वर पूर्ण भार दिवसाचे कांहीं तासच असतो, पण थंडी मात्र अहोरात्र राखावी लागते. ज्या शहरांत प्रचंड भार अखंड वाहतो, जागा अपुरी आहे, आणि तेल पेटण्याचें भय आहे, अथवा ज्या धांवत्या आगगाडींत प्रत्येक मणाचें ओझें वाहावें लागतें, तेथें हें यंत्र एखादे दिवशीं शोभेल; मोठ्या यंत्रांत झिरपणाऱ्या उष्णतेचें प्रमाणहि तुलनेनें कमी पडतें. आमच्या ओढ्याकांठीं तें शोभणार नाहीं. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हें होतें, आणि तें त्यांच्या पहिल्याच प्रश्नांत दडलेलें होतें.

हें उत्तर हातीं आलें तेव्हां काका राहिले नव्हते.

परंतु आमच्या मनास लागून राहिलेली गोष्ट ती नव्हे. हिशेबाच्या त्या कागदावर आम्हांस दुसरेंहि कांहीं दिसलें. विहिरीवरची मोटार काम करण्यासाठीं जेवढा प्रवाह घेते त्याखेरीज आणखी कांहीं प्रवाह, केवळ तिचें चुंबकत्व उभें करण्याकरितां, तारांतून ये-जा करीत असतो. मोटारीजवळ योग्य मापाचें कपॅसिटर जोडलें कीं ही ये-जा तेथल्या तेथें भागते. ०.७५ चा शक्तिगुणक ०.९५ झाला, तर प्रवाह सुमारें पांचव्या हिश्शानें उतरतो, आणि त्या भारानें डी. पी. च्या तारांत जेथें शंभर वॉट उष्णता होत असेल तेथें सुमारें बासष्टच होते. हें कपॅसिटर म्हणजे एक लहानशी डबी. तिला थंडी नको, निर्वात भांडें नको, आणि तिची किंमत कोणाहि शेतकऱ्यास परवडण्याजोगी. ही गोष्ट आमच्या पदवीच्या क्रमिक पुस्तकांत होती. आम्हीं ती तीस वर्षें फळ्यावर शिकविली, उदाहरणें सोडवून घेतलीं, उत्तरपत्रिकांत तिला गुण दिले. परंतु काकांस ती एकदांहि सांगितली नाहीं. त्यांस सांगण्यासाठीं आम्हीं लायडन निवडलें, झुरिक निवडलें. पांच अश्वशक्तीची मोटार काढून तीनाची बसवा, हें तर आम्हीं मनांतहि आणलें नाहीं, कारण तसें म्हणणें म्हणजे घरच्याच माणसाच्या चुकीवर बोट ठेवणें होतें, आणि तोटा शून्य होण्याच्या गोष्टी सांगणें फार सुखाचें होतें.

यावरून अतिसंवाहकाच्या मागें लागलेल्या विद्वानांस कोणी वेडे समजूं नये. टोकाच्या चार वेढ्यांतील तोटा अर्ध्यावर आणण्यासाठीं जीं माणसें दहा-दहा वर्षें घालवितात, तीं काकांच्याच जातीचीं. तोटा नेमका कोठें होतो हें तीं आधीं पाहतात. आम्हीं तेवढेंच पाहिलें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत, विशेषतः २०१८ पासून, महाराष्ट्रांत उच्चदाबाची तार थेट शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांस मिळून एक लहान रोहित्र देण्याची पद्धत सुरू झाली. तींतहि तत्त्व हेंच: लांब तारांतून मोठा प्रवाह नेऊं नये, आणि ज्याचा भार त्याच्या दारांत असावा, म्हणजे शेजाऱ्याची डी. पी. आपल्यामुळें जळत नाहीं.

मागल्या दिवाळींत आम्ही गांवीं गेलों होतों. चुलतभावास कपॅसिटरची गोष्ट सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली, अगदीं काकांसारखी, आणि म्हणाला, "दादा, हे तुम्ही आधी काहून नाही सांगतलं?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे रिसोडास जाऊन तें घेऊन आलों आणि गांवच्या वायरमनकडून बसवून घेतलें. मोटारहि आतां तीन अश्वशक्तीचीच आहे. ती त्यानें आमच्या सल्ल्यावांचून, आपल्या बुद्धीनें, पूर्वींच बदलली होती. काकांची जुनी पांचाची मोटार गोठ्याच्या कोपऱ्यांत, पोत्याखालीं झांकून ठेविलेली आहे.